मान खाली घालायला लावणारा कंट्रोलर

व्हिडिओ गेम खेळायचा चांगला कंट्रोलर हातात असूनही जाणवत नाही. टीव्हीवर गाडी वळणाला आली की अंगठा आपोआप डावीकडे जातो, ब्रेकचं बटण कुठल्या बोटाखाली आहे हे आठवावं लागत नाही. प्रत्येक बटणाला उंचवटा असतो, काठ असतो, दाबलं की ते खाली बसल्याचं बोटाला कळतं. त्यामुळे नजर टीव्हीवरून हलत नाही. मग अशा वस्तूच्या मधोमध सपाट पडदा बसवायचा, त्यावर चित्रं दाखवायची आणि ती बोटाने दाबायला लावायची, हा उद्योग कुणाला आणि कशासाठी सुचला असेल?

सुचला निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीला. नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत आणि महिन्याभरात जपानमध्ये त्यांचा वी यू हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आला. त्याच्या मुख्य कंट्रोलरचं नाव गेमपॅड. वजन जवळपास अर्धा किलो, मध्ये ६.२ इंची टचस्क्रीन, दोन्ही बाजूंना अंगठ्याने फिरवायच्या स्टिक आणि बटणं, आणि खोचून ठेवायची एक प्लास्टिकची लेखणी. जगभरात वी यू सुमारे १ कोटी ३६ लाख खपला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. निन्टेन्डोच्या मानाने हा आकडा फारच लहान. त्यानंतरचा त्यांचाच स्विच हा कन्सोल १५ कोटींच्या पुढे गेला. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या आपल्या पट्ट्यात कुणी वी यू पाहिला असेलच, तर तो बहुतेक बाहेरदेशी नोकरीला असलेल्या एखाद्या दादाने सुट्टीला येताना आणलेला.

धंदा बसला म्हणून 'कंट्रोलरमध्ये टचस्क्रीन म्हणजे फुकटचा थाट' असं म्हणून मोकळे होणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. त्या पडद्याची काही कामं अशी होती की ती तेव्हा दुसऱ्या कशानेच होत नव्हती. घोळ झाला तो वेगळ्याच ठिकाणी: खेळणाऱ्याने खाली कधी बघायचं, हे सगळ्या गेमना उमगलं नाही. हे समजून घ्यायचं तर पडदा आणि टच या दोन गोष्टी आधी सुट्या करून बघायला हव्यात.

पडद्यापासून सुरुवात करू. गेमपॅड म्हणजे टॅबलेट नव्हे, हे त्या काळी दुकानात उभं राहून समजावलं तरी लोकांच्या गळी उतरत नसे. गेम चालायचा तो टीव्हीखाली ठेवलेल्या कन्सोलमध्ये. चित्र तिथेच तयार व्हायचं, दाबून लहान केलं जायचं, ५ गिगाहर्ट्झच्या वायरलेस लहरींवरून गेमपॅडकडे यायचं आणि तिथे उलगडून दिसायचं. बोट कुठे टेकलं, कुठलं बटण दाबलं, याची खबर उलट वाटेने कन्सोलकडे जायची. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण १७ मिलिसेकंद. एवढी ये-जा होऊनही हाताला उशीर जाणवत नसे, आणि मला विचाराल तर त्या यंत्रातली खरी कारागिरी इथेच होती.

पण याचाच अर्थ असा, की कन्सोल बंद तर गेमपॅडही मुका. पावसाळ्यात जांबोटीकडे वीज गेली की गेमपॅडची बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही त्यावर काही खेळता येणार नाही. बॅटरीही एका दमात तीन ते पाच तासांचीच. शिवाय ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंती पार करताना लवकर थकतात. जांभ्या दगडाच्या जुन्या घरात सोप्यातला कन्सोल आणि माडीवरचा गेमपॅड यांचं जमणं कठीण.

तरीही या पडद्याचा सगळ्यात मोठा उपयोग घरगुतीच होता. एक टीव्ही आणि पाच-सहा माणसं असं आपल्याकडचं घर घ्या. संध्याकाळी सातनंतर आजीच्या मराठी मालिका, त्या संपतात न संपतात तोच काकांना कन्नड बातम्या हव्यात, आणि पोराला विचारलं तर ते म्हणणार, 'माझं काय मग? मी कवा खेळायचं?' गेमपॅडवर बऱ्याच गेमचं संपूर्ण चित्र खालच्या पडद्यावर घेता यायचं. टीव्ही आजीकडे, पोरगं त्याच खोलीत कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून गेममध्ये. भांडण नाही, रिमोटची ओढाताण नाही. आता गंमत बघा, या सोयीचा टचशी काडीचा संबंध नाही. नुसता पडदा असता तरी भागलं असतं. लोक 'टचस्क्रीन आवडली' म्हणत होते तेव्हा त्यातल्या कित्येकांना खरं तर टीव्ही मोकळा सोडता येणं आवडलेलं होतं.

दोन्ही पडदे एकाच वेळी वापरायचे म्हटलं की मात्र अडचण सुरू होते, आणि ती यंत्राची नसून डोळ्यांची आहे. टीव्ही सात-आठ फुटांवर, गेमपॅड दीड फुटावर. लांबचं बघणारी नजर जवळ आणायची तर डोळ्यातल्या भिंगाला आकार बदलावा लागतो. मान खाली, नजर स्थिर, चित्र स्पष्ट, मग हवं ते शोधायचं, या सगळ्याला अर्धा सेकंद सहज जातो. तेवढ्यात टीव्हीवर ३० चित्रं सरकून गेलेली असतात. चाळिशी लागलेल्या माणसाचं तर विचारूच नका. तो चष्मा कपाळावरून नाकावर आणेपर्यंत त्याची गाडी खड्ड्यात. त्यातून आपल्याला बारीक स्पष्ट दिसतं ते नजरेच्या अगदी मधल्या एवढ्याशा भागात, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या. त्यामुळे 'डोळ्याच्या कोपऱ्यातून नकाशा बघतो' वगैरे बोलायला ठीक, प्रत्यक्षात कोपऱ्यातून फक्त काहीतरी हललं एवढंच कळतं.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ज्यांनी सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या यंत्रावर काम केलंय त्यांना हे सांगायला नको. जॉबचं, म्हणजे कापायच्या तुकड्याचं सेटिंग चाललेलं असतं तेव्हा ऑपरेटरची नजर टूलच्या, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या टोकावर खिळलेली असते. पॅनेलवर आकडे धावत असतात, पण टूल जॉबला टेकायला केसभर अंतर उरलेलं असताना तिकडे कोण बघणार? हातात हँडव्हील, म्हणजे टूल पुढे-मागे सरकवायचं चाक असतं. एका फेऱ्यात शंभर खटके, आणि सगळ्यात बारीक सेटिंगला एका खटक्याला एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक खटका बोटांना कळतो, म्हणूनच डोळे जॉबवर ठेवता येतात. फीड, म्हणजे टूल सरकायचा वेग, कमी-जास्त करायचा नॉब आणि इमर्जन्सीचं ते मोठं लाल बटण हीसुद्धा न बघता हाताला सापडतील अशीच. याउलट प्रोग्रॅम निवडणं, टूलच्या मापाचा (ऑफसेटचा) आकडा भरणं, कुठला अलार्म आलाय ते वाचणं ही कामं पडद्यावरची, कारण तेव्हा घाई नसते. मशीन बनवणाऱ्यांनी कामांची ही वाटणी बोटं चेंगरून शिकलेली आहे.

गेम बनवणाऱ्यांपैकी ज्यांनी ती पाळली त्यांचं जमलं. २०१३ मध्ये झेल्डा या गेमच्या मालिकेतला विंड वेकर हा जुना गेम वी यूसाठी नव्याने आला, त्यात सामानाची पिशवी आणि नकाशा गेमपॅडवर गेले. पूर्वी गेम थांबवून आत शिरायचं, वस्तू बदलायची, बाहेर यायचं; आता शांत वेळ बघून खाली बोट ओढलं की काम झालं. २०१५ च्या स्प्लाटूनमध्ये खाली रणांगणाचा नकाशा असायचा, त्यावर आपल्या गड्याच्या खुणेला बोट लावलं की थेट त्याच्याजवळ उडी. एक नजर, एक टिचकी, परत वर. याउलट २०१६ चा स्टार फॉक्स झीरो. टीव्हीवर विमान बाहेरून दिसणार, गेमपॅडवर वैमानिकाच्या जागेवरून दिसणार, नेम धरायचा तो खाली बघून आणि विमान आदळू द्यायचं नाही ते वर बघून, आणि हे सगळं लढाई ऐन भरात असताना. बऱ्याच समीक्षकांनी त्यावर नाराजी व्यक्त केली ती उगाच नाही. दोन्ही पडद्यांसाठी वेगवेगळी चित्रं काढायची म्हणजे कन्सोलवरही दुप्पट ओझं, ते आणखी वेगळं.

एक गेम मात्र या अडचणीवरच उभा होता. २०१२ च्या झॉम्बीयूमध्ये पिशवी उघडली की ती गेमपॅडवर उघडायची आणि टीव्हीवरचा खेळ थांबायचा नाही. खाली बघून औषध शोधायचं आणि तेवढ्यात वर मागून कोण येतंय याचा पत्ता नाही. मान खाली घालायची भीती वाटावी हाच हेतू. मला ही चाल फार हुशारीची वाटते, पण ती एकाच गेमला शोभते. पन्नास गेमनी तेच केलं तर नुसता वैताग.

मग कुणी म्हणेल, निन्टेन्डोचाच डीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल २००४ मध्ये आला, त्यातही दोन पडदे होते, खालचा टचचा होता, आणि तो तर १५ कोटींच्या वर खपला. तिथे कसं चाललं? कारण तिथे दोन्ही पडदे एकाच हातात, एकमेकांखाली, डोळ्यांपासून सारख्याच अंतरावर होते. नजर दोन बोटं खाली सरकवायची, भिंगाला काही करावं लागत नाही. वर्तमानपत्रातला मथळा वाचून खालची बातमी वाचावी तितकं सहज. वी यूने तीच कल्पना उचलली आणि वरचा पडदा उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवला. कागदावर दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात. मधली सात फुटं मात्र कागदावर दिसत नाहीत.

आता टचकडे. गेमपॅडची टचस्क्रीन आपल्या मोबाईलसारखी नव्हती. मोबाईलच्या काचेखाली बारीक विद्युतवाहक रेषांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि चिपला जागा कळते. दाबायची गरज नाही, दहा बोटं एकदम ठेवली तरी दहाही वेगळी ओळखू येतात. पण समोर विजेशी असं नातं असलेली वस्तू हवी. साधा हातमोजा घातला की खेळ खलास, आणि काचेवर पावसाचे थेंब पडले की जाळीचा गोंधळ उडतो. याला कपॅसिटिव्ह म्हणतात.

गेमपॅडमध्ये रेझिस्टिव्ह पद्धत होती. दोन पातळ थर, दोघांच्या आतल्या बाजूला विद्युतवाहक मुलामा, मध्ये डोळ्याला न दिसणारे बारीक ठिपके त्यांना वेगळं ठेवणारे. वरून दाबलं की वरचा थर वाकून खालच्याला टेकतो. एका थराच्या दोन टोकांना विजेचा दाब दिलेला असतो. जिथे टेकलं तिथे तो किती भरतो हे मोजलं की आडवी जागा मिळते, मग दुसऱ्या थरावर तसंच करून उभी जागा. टेकलेली वस्तू काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नख, लेखणी, पेनाचं टोपण, काहीही चालतं. कारखान्यातल्या कित्येक पॅनेलवर आजही हीच पद्धत असते, कारण तिथे हातात मोजे आणि बोटांना ऑइल. तोटा असा, की एकाच वेळी एकच जागा कळते. दोन बोटं ठेवली तर बिचारा पडदा दोघांच्या मधलंच काहीतरी सांगतो. दोन बोटांनी फोटो मोठा करायची सवय लागलेल्या पोरांना म्हणूनच तो पडदा मठ्ठ वाटायचा.

लेखणी हातात घेतली की तो मठ्ठपणा विसरायला व्हायचा. बोटाचं टोक सेंटीमीटरभर रुंद, लेखणीचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं. सुपर मारिओ मेकर हा २०१५ चा गेम यावरच जगला: मारिओच्या खेळातली विटांची रांग, नळ, शत्रू आपणच लेखणीने मांडायचे, खोडायचे, पुन्हा मांडायचे, आणि लगेच खेळून बघायचे. हे काम बटणांनी करून बघा, दहा मिनिटांत कंटाळा येईल.

लिहिणं हा त्याहून साधा आणि कुणी फारसा न वाखाणलेला उपयोग. टीव्हीवरच्या कीबोर्डवर बाणांनी एकेक अक्षर शोधत वायफायचा पासवर्ड भरणं म्हणजे शिक्षा आहे. टचवर ते क्षणात होतं. आपल्या भागासाठी तर आणखी एक गोष्ट. वी यूच्या भाषांच्या यादीत ना मराठी होती ना कन्नड. पण त्याच्या मीव्हर्स या इंटरनेटवर निरोप टाकायच्या सोयीत, जी पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद झाली, लेखणीने हाताने लिहून निरोप टाकता यायचा. हाताने लिहिलेलं म्हणजे यंत्राच्या लेखी चित्रच. त्याला लिपीशी काय करायचंय? 'जिंकलो रे' असं देवनागरीत लिहा की शाळेत शिकलेल्या कन्नडमध्ये, गेलंच म्हणून समजा. कीबोर्ड बनवणाऱ्याने आपली भाषा धरली नाही तरी लेखणी कुणाला अडवत नाही.

टच आणि पडदा दोन्हींचा मिळून काय उपयोग, असं विचाराल तर माझं उत्तर एकच: लपवणं. एका टीव्हीपुढे चौघं बसले की सगळ्यांना सगळं दिसतं. मेंढीकोट टीव्हीवर खेळायचा कसा? हातात किती दश्श्या आहेत आणि हुकूम कुठला दाबून ठेवलाय, हे समोरच्याला दिसलं तर खेळ उरलाच कुठे? प्रत्येकाला फक्त त्याचाच दिसणारा पडदा हवा, आणि त्यातलं पान बोटाने उचलून टाकता यायला हवं.

ही गरज कन्सोलवाल्यांना फार आधी कळलेली आहे. सेगा कंपनीच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये एक छोटी मेमरी डबी खोचायची, तिला ४८ गुणिले ३२ ठिपक्यांचा काळा-पांढरा पडदा होता. टच नव्हता. पण अमेरिकन फुटबॉलच्या गेममध्ये पुढची चाल त्यावर गुपचूप निवडता यायची, शेजारी बसलेल्या भावाला कळायचं नाही. २००३ मध्ये निन्टेन्डोने पॅकमॅनचा असा अवतार काढला की पॅकमॅन झालेल्या एकाच्या हातातल्या गेमबॉयवर, म्हणजे छोट्या हातातल्या कन्सोलवर, पूर्ण चक्रव्यूह दिसायचा आणि भुतं होऊन टीव्हीवर बघत त्याचा पाठलाग करणाऱ्या बाकीच्यांना फक्त आपल्या आसपासचं. गेमपॅडबरोबरच आलेल्या निन्टेन्डो लँड या गेममध्ये याच्या उलट: गेमपॅडवाला भूत, तो टीव्हीवर कुणाला दिसतच नाही, बाकीच्यांचे कंट्रोलर तो जवळ आला की थरथरतात. घरातली सात वर्षांची पोरगी त्यात मोठ्या माणसांना सहज घाबरवून सोडते. इथे मान खाली-वर करायची कटकटच नाही, कारण गेमपॅडवाल्याने खालीच बघायचं आणि बाकीच्यांनी वरच.

दुर्दैव असं की कन्सोलबरोबर गेमपॅड एकच यायचा. चौघांना चार पडदे कधी मिळालेच नाहीत, कारण एकेक महाग आणि चौघांना वेगळी चित्रं पाठवणं त्या कन्सोलच्या आवाक्याबाहेरचं. ते काम शेवटी आपल्या खिशातल्या मोबाईलने केलं. २०१४ पासून जॅकबॉक्ससारखे गेम आले, ज्यात प्रश्न टीव्हीवर आणि प्रत्येकाचं उत्तर त्याच्या फोनवर. गणपतीला पुण्या-मुंबईची भावंडं घरी जमली की कंट्रोलर कुणाला द्यायचा हा प्रश्नच येत नाही. फोन सगळ्यांकडे असतोच.

बाकीचे तुकडेही असेच विखुरले. सोनीने २०१३ मध्ये आपल्या प्लेस्टेशन कन्सोलच्या कंट्रोलरवर टच ठेवला आणि पडदा गाळला. बहुतेक गेम त्या टचपॅडला एक भलंमोठं बटण म्हणूनच वापरतात, नकाशा उघडायला. पण २०२० च्या घोस्ट ऑफ त्सुशिमामध्ये त्यावर बोट वर सरकवलं की वारा सुटतो आणि जायची दिशा दाखवतो. बोट कुठे टेकलं याला महत्त्व नाही, कुठल्या दिशेला सरकलं याला आहे, त्यामुळे खाली बघावं लागत नाही. उद्यमबागेतल्या ऑपरेटरलाही हे पटेल.

स्विचने २०१७ मध्ये पडदा आणि टच दोन्ही ठेवले, पण टीव्हीवर खेळायचं म्हटलं की यंत्र टीव्हीला जोडलेल्या खोबणीत, म्हणजे डॉकमध्ये जातं आणि पडदा झाकला जातो. त्यामुळे टचशिवाय अडेल असा गेम बनवायचा म्हणजे टीव्हीवर खेळणाऱ्यांना दार बंद. निर्मात्यांनी शहाणपणा केला आणि टच ऐच्छिक ठेवला, आणि ऐच्छिक गोष्टीवर कुणी फार डोकं चालवत नाही. मारिओ मेकरचा दुसरा भाग २०१९ मध्ये आला तेव्हा मांडामांड बटणांनीही करता येत होती, पण हातात धरून बोटाने केलेली बरी. २०२५ च्या स्विच २ मध्ये कंट्रोलर आडवा करून टेबलावर माऊससारखा सरकवता येतो. नेमकी जागा दाखवायचं टचचं काम आता नजर टीव्हीवर ठेवूनच होतं. आणि आजीच्या मालिकेवरचा उतारा सोनीने २०२३ मध्ये वेगळा विकायला काढला: प्लेस्टेशन पोर्टल, मध्ये ८ इंची पडदा आणि दोन्ही बाजूंना कंट्रोलर, गेम मात्र तेव्हा तरी घरातल्या प्लेस्टेशन ५ वरून वायफायने येणार. वायफायचा वेग किमान ५ एमबीपीएस हवा, १५ असेल तर बरं.

कुणी जुना वी यू विकायला काढला असेल तर एवढं बघा. गेमपॅड आणि कन्सोल जोडीनेच घ्या. नुसता गेमपॅड काही कामाचा नाही, आणि गेमपॅड हरवलेला कन्सोलही जवळपास तसाच. कन्सोल जपानचा, अमेरिकेचा की युरोपचा हे विचारा, कारण एका भागाची डिस्क दुसऱ्या भागाच्या कन्सोलवर चालत नाही. अमेरिकेचा किंवा जपानचा असेल तर सोबतचे अडॅप्टर थेट आपल्या सॉकेटला लावू नका. त्यावर १२० किंवा १०० व्होल्ट छापलेलं असेल तर व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. मग लेखणीने पडद्याच्या चारही कोपऱ्यांत टेकवून बघा. खूण लेखणीपासून बाजूला उमटत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन कॅलिब्रेशन करा, म्हणजे लेखणी आणि खूण जुळवून घ्या. त्यानेही सुधारलं नाही तर किंमत पाडून मागा.